छोट्या एजन्सीत क्रिएटिव्ह काम मिळतं का? मिळतं, पण ते दुकानात जाऊन शोधावं लागतं

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की यवतमाळहून अप्लाइड आर्ट करून तू नागपूरला आलीस, धरमपेठेत सहा-सात लोकांच्या एका जाहिरात एजन्सीत डिझायनर म्हणून ऑफर आहे, कॉपी, म्हणजे जाहिरातीतला मजकूर, पण तूच लिहायची, आणि ओळखीचे सगळे सांगून राहिले की छोट्या एजन्सीत दिवसभर सणाच्या पोस्टच कराव्या लागतात, क्रिएटिव्ह काम पाहिजे असेल तर सरळ पुण्या-मुंबईला जा. मी नागपुरातच बरीच वर्षं हेच काम करते, आधी दुसऱ्यांकडे केलं, आता स्वतःची छोटी टीम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सणाच्या पोस्टचं त्यांनी सांगितलं ते खरं आहे. संक्रांत, पाडवा, रामनवमी, १४ एप्रिल, पोळा, गणपती, महालक्ष्म्या, दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी, वरून डॉक्टर्स डे, योगा डे, फादर्स डे. एजन्सीकडे दहा क्लायंट असले की प्रत्येकाला यातला प्रत्येक दिवस पाहिजे असतो, आणि शेजारच्या दुकानदाराची पोस्ट सकाळी सातला पडली अन् आपली नऊला पडली तर फोन येतो. यात चिडण्यात काही अर्थ नाही. महिन्यातला एक दिवस ठरव, पुढच्या महिन्याच्या सगळ्या शुभेच्छा त्याच दिवशी उरकून शेड्यूल करून मोकळी हो. मी अशी मुलं पाहिलीत की दिवाळीच्या दिव्याची ज्योत तीन तास नीट करत बसतात आणि त्याच क्लायंटची ऑफरची जाहिरात, जिच्यावर त्याचे खरे पैसे लागणार आहेत, ती जेवायच्या आधी घाईघाईत काढून देतात. तू उलटं कर.

पण वर्षात एखादा सण असा असतो की तो त्या क्लायंटचाच असतो, आणि तो ओळखता आला पाहिजे. मारबतच घे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडगे, म्हणजे लोकांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे, निघतात, महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते आणि लोक ओरडत असतात, ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’. क्लायंट जर पेस्ट कंट्रोलवाला असेल तर त्याच्यासाठी हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा आहे. वाळवीचा बडग्या, झुरळाचा बडग्या, डेंग्यूच्या मच्छराचा बडग्या, घोषणा तर लोकांनी आधीच तयार करून ठेवलेली. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो, लाकडी नंदी सजवून मुलं घरोघर जातात, तो लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानाचा दिवस. हे दुसऱ्या शहरात बसलेल्या माणसाला सुचणं कठीण आहे, कारण त्याने ती गर्दी कधी पाहिलेली नसते. तू यवतमाळची आहेस, पोळा तुला सांगावा लागणार नाही, ही तुझी जमा बाजू आहे आणि इंटरव्ह्यूत ती लपवू नको.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहून राहिले. मोठ्या एजन्सीत ब्रीफ, म्हणजे जाहिरात कोणासाठी आणि काय सांगायचं याचं टिपण, लिहून येतो, तो लिहिणारा माणूस वेगळा असतो, बाजारात फिरून माहिती आणणारा वेगळा, क्लायंटशी बोलणारा वेगळा, आणि डिझायनरपर्यंत जे येतं ते एका पानावर गोळीबंद होऊन येतं. छोट्या एजन्सीत ब्रीफच येत नाही. मालकाचा फोन येतो की ‘मॅडम एक मस्त पोस्टर पाहिजे, उद्यापर्यंत’, बस. बरीच मुलं इथेच निराश होतात आणि पिंटरेस्ट उघडून बसतात. मला वाटतं नेमकं इथेच तुझं क्रिएटिव्ह काम सुरू होतं, कारण ब्रीफ आपण स्वतः जाऊन मिळवायचा असतो, आणि ज्याने तो मिळवला त्याला हेडलाइन शोधत बसावं लागत नाही.

एक उदाहरण देते. आपल्याकडे कूलरचा सिझन होळीच्या आसपास उघडतो. आमच्या एका कूलरवाल्या क्लायंटला पाहिजे होतं ‘विदर्भाचा नंबर वन कूलर’, मागे बर्फाचे डोंगर आणि पुढे स्वेटर घातलेली मॉडेल. मी डिझायनरला घेऊन एक अख्खी दुपार त्यांच्या काउंटरला उभी राहिले, काही विचारलं नाही, फक्त गिऱ्हाईक काय विचारतात ते ऐकलं. थंड किती करतो हे फार कमी लोक विचारत होते, थंड तर करतोच हे त्यांनी धरून ठेवलं होतं. लाईट बिल किती येईल, आवाज किती करतो, इन्व्हर्टरवर चालेल का, पॅड किती वर्षं टिकतात, खालच्या पत्र्याला जंग चढते का, हे प्रश्न. आणि एक ताई आल्या, त्यांनी टाकीत वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘रात्री किती खेपा उठून पाणी टाकावं लागते?’ त्या मॉडेलची टाकी मोठी होती, रात्रभर पाणी पुरायचं, आणि ही गोष्ट मालकाने आम्हाला एकदाही सांगितली नव्हती कारण त्याला ती विशेष वाटतच नव्हती. हेडलाइन तिथेच झाली, ‘रात्री पाणी टाकायला उठू नका’. फोटोत झोपलेलं घर आणि कोपऱ्यात कूलर, मॉडेल नाही, बर्फ नाही. मालक आधी नाही म्हणत होते, मग त्यांच्या घरूनच कोणीतरी म्हणालं की हेच बरोबर आहे, आणि त्यांनी ती ओळ दुकानाच्या बोर्डावर, ऑटोच्या मागे, बिलावर सगळीकडे लावली.

ही ओळ माझ्या डोक्यातून आलेली नाही, काउंटरवर बोलली गेली होती, आम्ही ती उचलली एवढंच. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवीन मुलीला-मुलाला पहिल्या आठवड्यात लॅपटॉप उघडू देत नाही, क्लायंटच्या दुकानात पाठवते. लेआऊटवाला, म्हणजे प्लॉट विकणारा क्लायंट असेल तर रविवारी साइट व्हिजिटच्या गाडीत बसून जायचं. बेसा-बेलतरोडीकडे प्लॉट पाहायला निघालेलं कुटुंब गाडीत काय बोलतं ते ऐक. ब्रोशरमध्ये ‘निसर्गाच्या कुशीत’ लिहिलेलं असतं आणि गाडीत चर्चा चाललेली असते की प्लॉटच्या मंजुरीचं आरएल लेटर आहे का, रजिस्ट्री कधी लावून देता, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचतं का, पोरीच्या शाळेची बस इथपर्यंत येते का. तुझी कॉपी त्या गाडीत आहे. मालकाशी पण असंच बोल, ‘तुमची जाहिरात कशी पाहिजे’ हे विचारू नको, ते त्याचं काम नाही. ‘मागच्या महिन्यात कोणतं गिऱ्हाईक परत गेलं आणि काऊन गेलं’ हे विचार, मग बघ तो कसा बोलायला लागतो.

दिवस कसा जातो हे विचारलंस. सकाळी दहा-साडेदहाला ऑफिस, कोणाचं काय बाकी आहे यावर थोडं बोलणं, आणि नंतर दिवसभर व्हॉट्सॲप. प्रत्येक क्लायंटचा एक ग्रुप, ग्रुपमध्ये मालक, त्याचा भाऊ, त्याचा मुलगा जो नुकताच एमबीए करून आला, आणि अकाउंट पाहणारे काका, आणि चौघांचं मत वेगळं. या सगळ्यात डोकं लावायचं काम दुपारी तीनला होत नाही, निदान माझ्याकडून होत नाही. म्हणून आमच्याकडे सकाळचे पहिले दोन तास ग्रुप बंद, कोणी मेसेज पाहायचा नाही, फोन मी घेते. ज्या एजन्सीत जाशील तिथे असा नियम नसेल तर स्वतःपुरता करून घे, लवकर ये, पण तो वेळ वाचव.

शूट उन्हाळ्यात असेल तर सकाळी सहाला उभं राहायची तयारी ठेव. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की नऊनंतर फुटाळा तलावावर काय अन् अंबाझरीवर काय, माणसाचा चेहरा आणि फोन दोन्ही तापून बंद पडतात. दुकानात आत शूट करत असशील तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेव, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, दुसरं काही ठेवलं तर साध्या एलईडी पट्ट्या आणि ट्यूबलाइट व्हिडिओत लुकलुकतात, आणि ते एडिटमध्ये सहजासहजी जात नाही. रीलमध्ये मालकाला बोलवायचं असेल तर त्याला लिहिलेलं वाचायला देऊ नको. पुस्तकी मराठीत तो अडखळतो आणि घाबरलेला दिसतो. समोर उभी राहून गिऱ्हाईकासारखे प्रश्न विचार, तो जसा रोज बोलतो तसा बोलेल, ‘पाहून घ्या ना भाऊ, हात लावून पाहा’, तेच ठेव. आणि तर्री पोह्याची रील आता शहरातल्या प्रत्येकाने करून झाली आहे, ती सोड.

बदलांबद्दल. ‘लोगो मोठा करा’ हे तुला रोज ऐकावं लागेल, आणि डिझायनर लोक त्यावर हसतात, ते मला पटत नाही. त्या माणसाने वीस-पंचवीस वर्षं त्या नावावर दुकान चालवलं आहे, त्याला भीती वाटते की जाहिरात दिसेल आणि आपण दिसणार नाही. ती भीती खरी आहे, उपाय फक्त लोगो मोठा करण्याचा नाही. त्याच्या बोर्डाचा रंग पूर्ण जाहिरातीत घे, दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटो घे, ‘अमुक चौकात, अमुक बँकेच्या बाजूला’ हे ठळक लिही, बरेचदा लोगोचा विषयच निघत नाही. बाकी व्यवस्था अशी असावी की मंजुरी एकाच माणसाची, बदलाच्या दोन फेऱ्या, आणि व्हॉइस नोटवर आलेला बदल आपण परत टाइप करून ग्रुपवर टाकायचा, ‘हे चार बदल करते, बरोबर ना?’. रात्री अकराला आलेल्या व्हॉइस नोटमध्ये माणूस स्वतःच दोन वेगळ्या गोष्टी बोलून जातो, सकाळी त्याला आठवत नाही.

आता मराठी अक्षरांबद्दल, कारण इथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. शहरभर फिरून बघ, लाखाचं होर्डिंग आणि त्यावर वेलांटी अक्षर सोडून दुसरीकडे गेलेली, जोडाक्षर फुटून मधे हलंत दिसतंय. हे आळसामुळे होतं, दुसरं कारण नाही. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडलं की वेलांटी जागेवर येते, इलस्ट्रेटरमध्ये पॅराग्राफच्या मेनूत साउथ एशियन कंपोझर असतो तो लाव. अक्षरांमधलं अंतर इंग्रजीसारखं वाढवू नको, शिरोरेषा तुटते आणि शब्द शब्द राहत नाही. दोन ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त दे, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. फॉन्ट निवडताना ल आणि श मराठी वळणाचे आहेत का ते बघ, बरेच फॉन्ट हिंदी वळण धरून चालतात, काहींत मराठी रूप आत दडलेलं असतं, ते चालू करावं लागतं. आणि ‘दुसऱ्या’, ‘चौथऱ्यावर’ असे शब्द टाइप करून बघ, ‘दुसर्या’ दिसलं तर टायपिंग चुकलं आहे किंवा फॉन्टला तो अर्धा र येत नाही. मुक्त, बलू हे फॉन्ट फुकट आहेत आणि चांगले आहेत, एवढ्यावर वर्षभर काम भागतं.

प्रिंटला फाइल देताना टेक्स्ट कर्व्ह करून दे, म्हणजे अक्षरांचे आकार करून, फॉन्ट नसला तरी ती बदलत नाहीत. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, आणि चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. पत्रक-ब्रोशरला ३०० डीपीआय लागतो, मोठ्या फ्लेक्सला लागत नाही, लांबून पाहायचं असतं, तिथे ३०० ठेवलं तर फाइल उघडायलाच प्रेसवाल्याचा अर्धा तास जातो. प्रेसमध्ये एकदा स्वतः जाऊन उभी राहा, मशीनवरचा माणूस जे शिकवतो ते कॉलेजात शिकवत नाहीत. कर्व्ह करायच्या आधी मजकूर मोठ्याने वाच, आणि टीमबाहेरच्या एका माणसाला वाचायला दे. फोन नंबर लावून बघ. खरंच लावून बघ.

भाषेचं नागपुरात जरा वेगळं आहे. इतवारी-गांधीबागेतला मालक तुझ्याशी हिंदीत बोलेल, त्याचं गिऱ्हाईक काटोल, उमरेड, सावनेरहून येतं आणि मराठी बोलतं, आणि जाहिरात तो हिंदीत लिहून पाठवेल की याचं मराठी करून द्या. करून देऊ नको, नव्याने लिही. हिंदीवरून उतरवलेली ओळ लगेच ओळखू येते, वाचणाऱ्याला नाव सांगता येत नाही पण त्याला ती परकी वाटते. एआयचं पण तेच, साइज बदलून देणं, बॅकग्राउंड साफ करणं यासाठी मी रोज वापरते, पण मराठी ओळ त्याच्याकडून घेतली की ती बहुतेक वेळा इंग्रजीतून आलेली वाटते, आणि चित्रात देवनागरी लिहायला लावलं तर अक्षरं कधीकधी मोडतात. आणि वऱ्हाडी बोली फक्त हसवायला वापरायची, ही सवय आपल्या धंद्याने सोडली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. बियाण्याची, पंपाची, बँकेची जाहिरात त्या बोलीत गंभीरपणे का होऊ नये? ज्या माणसाला तू पन्नास हजारांचा पंप विकतेस त्याच्या बोलण्याची नक्कल करून हसतेस, हे त्याला कळतं.

काही नियम तुला पहिल्या दिवसापासून माहीत पाहिजेत, कारण छोट्या एजन्सीत तपासायला वेगळा माणूस नसतो. रेरात नोंदलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नंबर लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड पण, नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. कोचिंग क्लासेससाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, शंभर टक्के सिलेक्शनची हमी देता येत नाही, आणि टॉपरचा फोटो त्याची लेखी संमती असल्याशिवाय वापरता येत नाही, तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली. डॉक्टरांना पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायला त्यांच्या आचारसंहितेत मनाई आहे, म्हणून त्यांच्यासाठी आजाराची माहिती देणारं काम कर, ‘सर्वोत्तम सर्जन’ लिहू नको. कॅन्सर, शुगर बरी करण्याचा दावा करणारी जाहिरात तर १९५४ च्या मॅजिक रेमेडीज कायद्यात गुन्हाच आहे. असा क्लायंट आला तर एजन्सीचा मालक काय करतो ते बघ, त्यावरून तुला कळेल की तिथे राहायचं की नाही.

पैशाचं. छोट्या एजन्सीत पगार उशिरा होण्याचं एकच मोठं कारण असतं, क्लायंटचं बिल अडकलेलं असतं. एजन्सीची उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी असेल आणि ती सूक्ष्म किंवा लघु गटात असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने लेखी करारात जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि २०२३-२४ पासून असं आहे की वेळेत दिले नाहीत तर क्लायंटला त्या खर्चाची आयकरातली वजावट पैसे देईल त्याच वर्षी मिळते. मार्चमध्ये त्याचा सीए स्वतःच त्याला आठवण करून देतो. हे वापरणारी एजन्सी पगार वेळेवर देते असं माझं निरीक्षण आहे. दुसरी खूण म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातीचे पैसे कोणाच्या कार्डावरून जातात. क्लायंटच्या कार्डावरून, क्लायंटच्याच नावाच्या अकाउंटमधून गेले पाहिजेत. एजन्सी आधी स्वतःचे भरून नंतर वसूल करत असेल तर एक दिवस तो खड्डा पगारातून भरला जातो.

पुण्या-मुंबईला जायला माझा विरोध नाही. मोठ्या टीव्ही फिल्म करायच्या असतील, चांगल्या आर्ट डायरेक्टरच्या हाताखाली एकच गोष्ट खोलवर शिकायची असेल, तर तिकडे जा, ते इथे मिळणार नाही आणि मिळेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नको. पण दोनेक वर्षं इथे नीट काम केलंस तर मालकाशी बोलणं, शूट, कॉपी, प्रेस, बिल हे सगळं तुझ्या हाताखालून गेलेलं असेल, आणि तिकडे गेल्यावर तुझ्या वयाच्या फार कमी लोकांना ते येत असेल.

इंटरव्ह्यूला जाशील तेव्हा पोर्टफोलिओत कॉलेजचे काल्पनिक ब्रँड कमी ठेव. त्याऐवजी तुझ्या खोलीजवळचं एक दुकान निवड, किराणा, चष्म्याचं, कोणतंही, तिथे दोन दुपारी उभी राहा आणि ऐकलेल्या एका प्रश्नावर तीन जाहिराती करून ने, मराठीत. आणि त्यांना हे विचार की क्लायंटला भेटायला मला नेणार का, बदलांच्या किती फेऱ्या धरता, शेवटचा डिझायनर काऊन सोडून गेला, मागच्या तीन महिन्यांचे पगार कोणत्या तारखेला झाले. पहिल्या प्रश्नाला ‘तुला कशाला, तू डिझाइन कर’ असं उत्तर आलं तर ती ऑफर सोड, धरमपेठेत आणि रामदासपेठेत अजून एजन्सी आहेत.